लाकूड पडलंच नव्हतं

अवो सुधाकरचे बाबा,

तुमची शपथ मी मोडली. हे सांगायला लिहिते आहे, विचारायला नाही. विचारायची वेळ निघून गेली.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. पितृपक्षात दरवर्षी तुमच्या नावानं पान वाढते, वडाभात करते, पण बोलणं असं झालं नाही. झालं असतं तरी तुम्ही काय ऐकणार होते? जिवंतपणी पेपर तोंडापुढे धरून ‘हूं’ म्हणायचे, तेवढंच. आता पेपर नाही. आता ऐका.

लिहून घेते आहे केतकी. मी बोलते तसंच लिहीत नाही ती, जरा धुऊन-पुसून लिहिते. केतकी कोण म्हणता? सुधाकरचं लेकरू. तुमच्या खांद्यावर बसून लकडगंजच्या वखारीत यायचं आणि केसात सागवानाचा भुसा घेऊन घरी परतायचं, तेच. तुम्ही त्याला नातू म्हणत होते. ती म्हणते, ‘आजी, मी नातू कधी नव्हतीच.’ बारशाला तुम्ही ठेवलेलं नाव मी इथे घेत नाही. तिला ते टोचतं, आणि लिहिणारीला टोचलं तर पत्र अर्ध्यावर राहील!

सात वर्षांची असताना माझा पदर डोक्यावर घेऊन आरशापुढे उभी होती, आठवतं? तुम्ही तो ओढून काढला. ‘पोट्टा हायेस ना गा?’ म्हणाले. मी शेजारी उभी राहून हसले. तिला तुमचा आवाज आठवत नाही म्हणते, माझं हसणं आठवतं. बघा! ओढणारे तुम्ही, आणि लक्षात राहिले मी.

आता चोवीस वर्षांची आहे. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात रंग तपासते. मागच्या वर्षी तिनं घरात सगळं सांगितलं. नंदानं, आपल्या सुनेनं, रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला. सुधाकरनं ना रडून घेतलं ना भांडून. त्यानं बोलणंच बंद केलं. वर्षभर बाप-लेकीत ‘पंखा बंद कर’ एवढंच.

तिला औषध हवं होतं. एक गोळी पुरुषपण दाबते, दुसरी बाईपण आणते. हार्मोन म्हणतात. मी म्हटलं, ‘बाप्पा, आमच्या वेळी बाईपण फुकट मिळत होतं, तरी कोणी मागत नव्हतं!’ खूप हसली. पण आधी एका दवाखान्यात गेली, तेव्हा हसत आली नव्हती. तिथल्या माणसानं भरल्या बाकड्यांपुढे जुनं नाव मोठ्यानं पुकारलं, आणि ओढणी घेतलेली ही उठली. सगळ्या माना वळल्या. आत डॉक्टर म्हणाला, लग्न लावून द्या, जाईल डोक्यातून. त्यानंतर ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही.

मग फोनवरचे डॉक्टर शोधले. आधी एक मनाचा डॉक्टर. कितीतरी वेळा बोलला, मग औषध द्यायला हरकत नाही असं पत्र दिलं. मग पुण्याच्या एक डॉक्टरीण बाई. दर वेळी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, कूलर बंद करायचा आणि बोलायचं. मी बाजूला भाजी निवडत बसायची. माझा विश्वास नव्हता. ‘नाडी कशी पाहते वं ही बाई?’ म्हटलं. पण रक्त न्यायला माणूस घरी आला, बीपीचं मशीन आलं, आणि बाईनं एवढे प्रश्न विचारले की तुम्ही मला बघायला आले तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

एका रविवारी मी मेथी निवडत होते. बाई म्हणाल्या, ‘घरात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? कोणी अचानक गेलं का?’

‘नाही मॅडम,’ केतकी म्हणाली. ‘आजोबा हार्ट अटॅकनं गेले. पाय दुखायचा त्यांचा, पण तो लाकूड पडलं होतं म्हणून.’

माझ्या हातातली जुडी तिथेच राहिली.

बाई म्हणाल्या, ‘घरच्यांना नीट विचारा. या गोळीनं गुठळीचा धोका वाढतो. घरात कोणाला असेल तर मला आधी कळायला हवं.’

केतकीनं मान वळवली. ‘आजी, होतं का वं कोणाले?’

मी म्हणाले, ‘नाही वं.’

असं, मेथीचं पान खुडावं इतक्या सहज. तुमच्यासाठी खोटं बोलायची सवय झाली होती ना!

सांगू दे आता सगळं. तिला अर्धं माहीत आहे, अर्धं आज लिहिताना कळेल. तुम्ही चाळिशीचे होते. डावा पाय खांबासारखा सुजला, लाल झाला. मोठ्या दवाखान्यात चौदा दिवस काढले. तिथल्या डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं, बाई, पायाच्या शिरेत रक्त गोठलंय, हे घराण्यातून येऊ शकतं, मुलांना सांगून ठेवा. तुमचा थोरला भाऊ असाच सुजल्या पायानं गेला होता, तुमचे बाबा चालता चालता पडले होते. आणि तेव्हा आपल्या लेकीची, लताची, सोयरीक ठरत आली होती. ‘घराण्यात दोष हाय म्हणतील,’ तुम्ही म्हणाले. ‘पोरीले कोणी करणार नाही.’ दवाखान्यातून येतानाच ठरवलं, वखारीत ओंडका पायावर पडला म्हणून सांगायचं.

आणि घरी आल्याबरोबर बारा वर्षांच्या सुधाकरला उचलून आणलं. झोपेतच होता. माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. ‘शपथ हाय तुले ह्याच्या डोक्याची. बोलशील तर ह्याच्यावर पडन.’ मी म्हटलं, माझ्या डोक्याची घ्या ना! तुम्ही हात सोडला नाही. कोणाच्या डोक्यावर माझा हात जड होतो, तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. हुशार माणूस!

लताचं लग्न झालं. लाकूड पडलेलं सगळ्या मोहल्ल्याला पाठ झालं. तुम्ही तर एवढं सांगितलं की पुढे पुढे ओंडक्याची लांबीपण सांगायला लागले. मग सहासष्टाव्या वर्षी एका लग्नाहून दिवसभर बसमध्ये बसून आले, पाय सुजला, दुसऱ्या दिवशी धाप लागली आणि माठाजवळ कोसळले. लोक म्हणाले, अटॅक. मी म्हणाले, हो, अटॅक.

एक मात्र तुमचं माझ्याकडे राहिलं होतं. ती सुतळी. ओंडक्याचा घेर मोजायची सुतळी घरी आणून तुम्ही रोज संध्याकाळी पोटरीला गुंडाळायचे. जिथे पुरायची तिथे गाठ मारायचे. पाय ओसरला का, वाढला का, ते डॉक्टरच्या आधी सुतळी सांगायची. लाकूड आणि पाय तुम्हाला सारखेच!

गोळ्या आल्या. पहिली गोळी तिनं देवापुढे ठेवून घेतली. मी काय सांगू तुम्हाला तिचा चेहरा? अकरा महिने त्या दिवसाची वाट पाहिली होती. मी ‘हो’ म्हटलं असतं, तर त्या बाईनं औषध दिलं नसतं, आणि पोरगी म्हणाली असती की आजीनंच घास काढून घेतला. नाही बोलले, तर… तर काय, ते मी माठाजवळ पाहिलं होतं.

मग मी ट्रंकेतून सुतळी काढली.

‘ये वं, पाय चेपून देते,’ म्हणायची रोज, ती कारखान्याच्या बसमधून उतरून आली की. ‘उलटं झालं आजी,’ ती म्हणायची, ‘नातीनं चेपायचे असतात.’ तेल लावता लावता मी सुतळी फिरवून घ्यायची. ‘हे काय वं?’ म्हणाली तेव्हा सांगितलं, पैंजणांचं माप घेऊन राहिली. लाजली पोट्टी! दोन पोटऱ्या, दोन गाठी. अठरा दिवस रोज मोजलं. अठरा दिवस टोक गाठीला भिडलं. दर वेळी मनात म्हणायची, पाहा, काही होत नाही, गप्प राहा.

एकोणिसाव्या दिवशी डाव्या पायाला सुतळी पुरली नाही.

दोन बोटं कमी पडली. सोडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा दोन बोटं. माझे हात तेलानं माखलेले, सुतळी निसटून राहिली होती.

‘आज दिवसभर उभीच होती,’ ती म्हणाली. ‘पाय भरून आले.’

तुम्हीपण हेच म्हणाले होते. शब्दाला शब्द.

मी म्हटलं, ‘केतकी, गोळी थांबव.’

‘काहून?’

‘थांबव म्हटलं ना.’

तिनं पाय ओढून घेतला. आधी समजावून बोलली, मग आवाज चढला. ‘पप्पानं सांगितलं ना तुले? खरं सांग! वर्षभर ते बोलले नाही, म्हणून तुले पुढे केलं?’

‘तुझ्या आजोबाच्या पायावर लाकूड पडलंच नव्हतं.’

‘वा! आता लाकूडपण नाही पडलं!’ ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. ‘आजी, बाकी कोणीपण चाललं असतं. तू नाही.’

आता लिहिता लिहिता थांबली आहे. लिही वं. बोलली ना तू? मग लिही.

मला वाचता येत नाही, हे त्या दिवशी जेवढं बोचलं तेवढं उभ्या जन्मात बोचलं नव्हतं. ट्रंक उघडून कागद काढले. पहिला तिच्या हातात दिला, तो गॅसचा निघाला. दुसरा लताची लग्नपत्रिका. पोरगी माझ्याकडे अशी पाहत होती, जशी मी पकडली गेलेली चोर! मग आठवलं, दवाखान्याच्या कागदावर तुम्ही चहाचा कप ठेवला होता. गोल डाग. शिस्त नव्हती तुम्हाला कशाची, तेच कामी आलं. डागाचा कागद शोधून दिला.

तिनं उभ्यानं वाचला. मग खाली बसली. मग पुन्हा वाचला.

‘आजी,’ एवढंच म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय धरला.

बाईंना मेसेज केला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. पोह्यांचा डबा, फोन, कूलर बंद. ‘आजी, तुम्ही समोर या,’ बाई म्हणाल्या. पहिल्यांदा त्या काचेपुढे बसले. कोपऱ्यात माझंच थोबाड दिसलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं.

‘आजोबांना काय झालं होतं, तुम्हाला आठवतं तसं सांगा.’

तोंड उघडलं, आणि दारात सुधाकर उभा! सीताबर्डीहून, दुकानातून आलेला, हातात हेल्मेट. माझी नजर त्याच्या डोक्यावर गेली. मधोमध टक्कल पडलंय आता, तुमच्यासारखंच. नेमका तिथेच माझा हात ठेवला होता तुम्ही.

‘आजी, ऐकू येतंय का?’ बाई म्हणाल्या.

‘तू बाहेर जा गा सुधाकर.’

‘काहून? काय लपवून राहिली?’

‘जा म्हटलं ना!’

तेव्हा केतकी बोलली, वर्षात पहिल्यांदा बापाकडे पाहून. ‘शपथ हाय तिले. आजोबांनी घातलेली. तुमच्या डोक्याची. बोलली तर तुमच्यावर पडन, म्हणते.’ तिला मी ट्रंक उघडतानाच सांगितलं होतं.

सुधाकरनं तिच्याकडे पाहिलं, मग तिनं धरलेल्या पायाकडे, मग माझ्याकडे. आणि काय केलं असेल तुमच्या पोरानं? हातातलं हेल्मेट डोक्यात घातलं. भर घरात! हनुवटीखाली पट्टा लावला, कट्ट आवाज आला.

‘सुटली,’ म्हणाला. ‘आता पडू दे काय पडायचं ते. बोल आई.’

शपथ घालणाऱ्यानंच ‘सुटली’ म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण घालणारा माठाजवळ पडला तो पडला. मी बोलले. सगळं. पाय, तुमचा भाऊ, तुमचे बाबा, बस, धाप. ओंडक्याची लांबीसुद्धा सांगितली, तीही खोटी म्हणून. आणि बाईंनी पेशंटच्या आजोबांचं नाव विचारलं तेव्हा उखाण्याशिवाय तुमचं नाव घेतलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. जीभ अडखळली, पण झडली नाही.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘गोळी आत्ता बंद. पायाची सोनोग्राफी आजच व्हायला हवी, उद्या नाही. धाप लागली, छातीत दुखलं, तर सरळ इमर्जन्सीत जा.’ मग हेल्मेटकडे पाहून विचारलं, ‘वडील का तुम्ही? दिवसभर उभ्याचं काम आहे? तुमचा पाय सुजतो का कधी?’

सुधाकर खाली आपल्या पायाकडे पाहत राहिला. म्हणजे सुजत असणार! तुमच्यासारखाच. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर लाकूड पाडायचं.

दोघं स्कूटरवर गेले. वर्षभरात एका गाडीवर बसले नव्हते. ती मागे, मधे हातभर जागा ठेवून. मी नंदाला म्हटलं, ‘बस इथे माझ्याजवळ,’ आणि दोघी दाराकडे तोंड करून बसलो. फोन वाजला की नंदा धावायची. एकदा गॅसवाल्याचा, एकदा कुठल्या कंपनीचा. ओट्यावरची कणीक तशीच वाळून गेली. मी माठाकडे पाठ केली होती. बाकी कुठे पाहायचं नव्हतं.

दिवे लागल्यावर परतले. पाय साफ होता. गुठळी नव्हती. उभं राहून आलेली सूज, दुसरं काही नाही. माझी सुतळी खोटी बोलली म्हणायची, का ती एकटीच खरं बोलली, तुम्हीच सांगा.

नंतर केतकीनं सांगितलं. सोनोग्राफीवाल्याकडे आधारकार्ड द्यावं लागलं. त्यावर जुनंच नाव. बाकडी भरलेली. हिला उठून पळावंसं वाटलं. तेवढ्यात सुधाकर काउंटरवर गेला आणि त्या माणसाला म्हणाला, ‘नाव नका ओरडू. नंबरनं बोलवा.’ बस. त्यालाही ‘केतकी’ म्हणता आलं नाही, अजून येत नाही. पण जुनं कोणाला ओरडू दिलं नाही.

पुढे काय, ते अजून ठरायचं आहे. बाईंनी घराण्याचा दोष शोधायला रक्त तपासायला सांगितलं, दोघांचंही. एका सकाळी बाप-लेक शेजारी बसले, दोघांच्याही दंडाला रबर बांधलेलं. दोघंही सुईकडे पाहत नव्हते, हे मात्र एका रक्ताचं लक्षण! रिपोर्ट परवा येणार. रक्ताच्या डॉक्टरला दाखवायचा. बाई म्हणाल्या, गोळी आता पुन्हा नाही. कातडीवर चोळायचं मलम असतं, त्याला गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय शब्द देत नाही. मला ती बाई आवडली. शब्द राखून ठेवणारी. मी तो मेथी निवडता निवडता उधळला.

केतकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची, उचलायची. तिच्या खोलीतलं गाणं बंद झालं. मला वाटलं, जीव वाचवला आणि पोरगी घालवली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. ‘तू त्यांच्यासाठी माझ्याशी खोटं बोलली आजी. आता माझ्यासमोर त्यांना खरं सांग.’ म्हणून हे पत्र. शिक्षा आहे मला ही. आणि तुम्हालाही, समजा.

राग आला तुमचा? आला. तुम्ही लताचं भलं पाहिलं, कबूल. पण सदतीस वर्षं सुधाकरच्या डोक्यावर हात ठेवून मी त्याचं रक्षण केलं म्हणत राहिले, आणि त्याचा पाय एकदाही पाहिला नाही. तुम्हालाच विचारते, काय वाचवलं हो आपण?

आता ऐका. रिपोर्ट परवा येईल तो केतकी मोठ्यानं वाचेल, सुधाकरपुढे, नंदापुढे, आणि मी कोपऱ्यात भाजी निवडत नाही, फोनच्या समोर बसेन. रक्ताच्या डॉक्टरनं ‘नाही’ म्हटलं तर तिचा हात धरून ऐकेन, ‘हो’ म्हटलं तरी धरूनच. आणि उद्या सकाळी लताला फोन करणार. जिच्या सोयरिकीपायी लाकूड पाडलं, तिच्याच सासरी मी स्वतः सांगणार, की आमच्या घराण्यात हे आहे, नातवंडांचं रक्त तपासून घ्या. त्यांना दोष वाटला तर वाटू द्या. पोरगी आता परत थोडीच पाठवणार आहेत!

सुतळी ट्रंकेत ठेवली नाही. खिळ्याला टांगली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. सुधाकरनं काल जाता येता दोनदा पाहिली. आज मी त्याला खुर्चीवर बसवणार.

खाली अंगठा लावते. घरात शाई नाही, म्हणून पोट्टीनं तिची लिपस्टिक माझ्या अंगठ्याला चोळली. लाल भडक आहे. उमटला तेव्हा ती हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. तुम्हाला आवडणार नाही. पण सही खरी आहे.

तुमची,
सुधाकरची आई, केतकीची आजी
इंदिरा
(अंगठा)